इंग्लिश खाडीतल्या छोट्या बोटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, आम्ही गेली अकरा वर्षं राहतो. डोव्हर बंदर घरापासून गाडीने पाऊण तासावर. नाशिकहून मावशीचा फोन आला, मुलांच्या शाळेची आणि इथल्या थंडीची चौकशी झाली, की पुढचा प्रश्न फ्रान्समधून परवानगीशिवाय माणसं घेऊन येणाऱ्या बोटींचा ठरलेला. "ते लोक तुमच्या दारापर्यंत येतात का गं?" गणपतीत महाप्रसादाच्या रांगेतही हाच विषय निघतो आणि तिथे आवाज जरा जास्तच चढतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि मला माहीत असलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मध्ये मध्ये माझं मतही आलं आहे, ते लपवलेलं नाही.

इंग्लिश खाडी म्हणजे पोहून पार करतात तीच ना? मग बोटीने एवढं अवघड काय?

तीच. आपल्याला ही खाडी पोहणाऱ्यांमुळे ठाऊक: १९५८ साली मिहिर सेन, १९५९ साली आरती साहा, अलीकडे आपल्या पुण्याचा रोहन मोरे. सगळ्यात अरुंद जागी डोव्हर ते फ्रान्स सुमारे ३३ किलोमीटर पाणी आहे. आकाश निवळलेलं असेल तर डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरून पलीकडचा किनारा दिसतो, म्हणून ते सोपं वाटतं. पण गेटवेहून मांडव्याला जाताना जेवढं पाणी लागतं त्याच्या दुपटीहून हे जास्त आहे, आणि बोटी बहुतेक डंकर्क, ग्रावलीन अशा बाजूच्या किनाऱ्यांवरून निघतात, म्हणजे पल्ला आणखी लांबतो. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी हा एक. दिवसाला चारशेहून जास्त जहाजं इथून जातात. भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त. पोहणाऱ्याच्या शेजारी वाटाड्याची बोट असते, खायला-प्यायला देणारी माणसं असतात. काळोखात निघालेल्या रबरी बोटीशेजारी कोणी नसतं.

'छोटी बोट' म्हणजे नेमकी कशी?

कोळ्यांची होडी डोळ्यांसमोर आणू नका. पातळ रबरासारख्या कापडाची, हवा भरून फुगवायची बोट, तळाला प्लायवूडच्या फळ्या, मागे एक इंजिन. २०१८ मध्ये एका बोटीत सरासरी ७ माणसं असायची, २०२४ मध्ये पन्नासच्या वर गेली. एका बोटीत माणसं सातपट. पुरुष कडेच्या फुगीर नळीवर घोड्यावर बसल्यासारखे बसतात, एक पाय पाण्यात. बायका-मुलांना मध्ये बसवतात, कारण ती जागा सुरक्षित वाटते. पण कॅनमधलं पेट्रोल सांडतं, त्यात समुद्राचं पाणी मिसळतं आणि ते नेमकं मध्येच साचतं. तासन् तास त्यात बसून राहिलं की कातडी भाजते. किनाऱ्यावर उतरलेल्या बायकांच्या मांड्या-पोटऱ्यांवर अशा भाजल्याच्या खुणा असतात. काही जण तर पाण्यात पडायच्या आधीच बोटीत चेंगरून जातात. एप्रिल २०२४ मध्ये फ्रान्सच्या विमरू गावाजवळ असेच पाच जण गेले. त्यांत सात वर्षांची एक मुलगी होती.

मागच्या वर्षी मार्चमध्ये केंटच्याच किनाऱ्यावर, डंजनेसला गेले होते. तिथे वाळू नाही, मैलभर नुसते गोटे. त्या गोट्यांत अडकलेलं एक केशरी कडं दिसलं, पोहायला शिकणारी मुलं दंडात घालतात ते, हवा भरायचं. त्याच्यावर निळा मासा छापलेला. शेजारी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकावर एक गुंडाळलेला मोबाइल, गाठ अजून तशीच. मी ती गाठ सोडली नाही. फोन पोलिसांकडे दिला. कडं किती तरी दिवस गाडीच्या डिकीत राहिलं, टाकून द्यायला हात होईना.

वर्षाला किती लोक येतात?

२०१८ मध्ये २९९. २०२० मध्ये साडेआठ हजारांच्या आसपास, २०२१ मध्ये साडेअठ्ठावीस हजार, आणि २०२२ मध्ये ४५ हजारांच्या वर. तो आजवरचा उच्चांक. २०२३ मध्ये आकडा २९ हजारांवर उतरला, २०२४ मध्ये पुन्हा जवळजवळ ३७ हजार झाला आणि २०२५ मध्ये ४१ हजार ओलांडून गेला.

बोटी २०१८ च्या सुमारासच अचानक का सुरू झाल्या?

माणसं त्याआधीही येत होती, पण ट्रकमध्ये लपून. फ्रान्समधल्या कॅले बंदराजवळची, 'जंगल' नावाने ओळखली जाणारी वस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये उठवली. बंदराभोवती आणि खाडीखालच्या बोगद्याच्या तोंडाशी उंच कुंपणं आली, ट्रकची तपासणी कडक झाली. मग कोविडमध्ये ट्रकच कमी झाले. माणसं चोरून नेणाऱ्या टोळ्यांनी समुद्राची वाट धरली. ट्रकची वाट तरी कुठे सुरक्षित होती? ऑक्टोबर २०१९ मध्ये इसेक्समध्ये एका बंद ट्रेलरमध्ये व्हिएतनामच्या ३९ जणांचे मृतदेह सापडले होते. एक दार बंद केलं की माणूस घरी परत जातो, असं या वीस-पंचवीस वर्षांत एकदाही घडलेलं दिसत नाही. तो दुसरी फट शोधतो, आणि बहुतेक वेळा ती आधीच्या फटीपेक्षा घातक असते.

देशात येणाऱ्यांपैकी बोटीने येणारे किती? ब्रिटन खरंच बोटींनी 'भरून' चाललंय का?

नाही. जून २०२३ पर्यंतच्या एका वर्षात १२ लाखांहून जास्त माणसं व्हिसा घेऊन किंवा इतर कायदेशीर मार्गांनी राहायला आली. युरोपबाहेरून येणाऱ्यांत सगळ्यात जास्त आपण होतो, भारतीय: विद्यार्थी, नर्स, आयटीवाले आणि त्यांची कुटुंबं. त्याच्या शेजारी बोटींचा आकडा ठेवून पाहा.

मग एवढा गदारोळ कशाचा?

विमानतळावर रोज हजारो माणसं उतरतात, त्याचा फोटो कोणी काढत नाही. बोटीचा फोटो निघतो. आणि जे सरकार "सीमा आमच्या ताब्यात" म्हणून ब्रेक्झिट करून आलं, त्याच्या डोळ्यांदेखत ती बोट येते. जानेवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी पाच वचनं दिली, त्यांतलं एक 'स्टॉप द बोट्स'. भाषणाच्या टेबलावर ती पाटी लावली. (घोषणा मूळची ऑस्ट्रेलियातली, टोनी अ‍ॅबट यांची.) त्यानंतर प्रत्येक बोट म्हणजे पंतप्रधानांचं नापास झालेलं प्रगतिपुस्तक बनली.

पण लोकांचा राग नुसता टीव्हीने पेटवलेला आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. आमच्या किनाऱ्यावरची गावं गरीब आहेत. सुट्ट्यांचा धंदा बसला, दुकानांना टाळी लागली, डॉक्टरची वेळ तीन-तीन आठवडे मिळत नाही, तरुण मुलांना भाड्याचं घर परवडत नाही. अशा गावातलं एकुलतं एक बरं हॉटेल एके दिवशी सरकार आश्रयार्थींसाठी घेतं आणि गावाला विचारतसुद्धा नाही. माझ्या शेजारच्या आजींच्या मुलीचं लग्न तिथे झालं होतं. त्यांना वाईट वाटलं तर मी त्यांना वंशद्वेष्टी कशी म्हणू? माझं म्हणणं एवढंच की त्या गावाची दुकानं आणि दवाखाने बोटीतल्या माणसाने बंद केले नाहीत.

हॉटेलांत ठेवतातच कशाला?

कारण अर्जांचे निकाल लागत नव्हते. जून २०२३ मध्ये पावणेदोन लाख माणसं पहिल्या निकालाची वाट पाहत होती. निकाल नाही म्हणजे काम करायची मुभा नाही (पहिले बारा महिने मनाईच, पुढेही ठरावीक यादीतलीच कामं), म्हणजे सोय सरकारनेच करायची. २०२३ च्या शरद ऋतूत ५६ हजार लोक हॉटेलांत होते. तेव्हा खर्च दिवसाला ८० लाख पौंडांच्या घरात गेल्याचं सरकारच सांगत होतं. जून २०२५ मध्ये हॉटेलांत ३२ हजार राहिले होते.

त्यांना महिन्याला हजारो पौंड मिळतात, खरं का?

खोटं. जेवण मिळणाऱ्या हॉटेलात आठवड्याला दहा पौंडांच्या आसपास हातखर्च. स्वतः रांधायचं असेल तर आठवड्याला ४९ पौंडांच्या आसपास. हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोतून येतो. पुढच्या वेळी तो आला की पुढे पाठवू नका.

त्यांना घुसखोर म्हणायचं, स्थलांतरित म्हणायचं की निर्वासित?

मराठीत आपण हे शब्द फार सैल वापरतो. घर सोडून दुसरीकडे गेलेला तो स्थलांतरित. मीही स्थलांतरित. जिवाच्या भीतीने देश सोडून आलेला आणि ज्याची ती भीती खरी असल्याचं सरकारने मान्य केलं तो निर्वासित. मान्य व्हायच्या आधी, अर्ज करून थांबलेला, तो आश्रयार्थी. बोटीतून उतरणारे जवळजवळ सगळे आश्रयासाठी अर्ज करतात. निकाल लागलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना आजवर आश्रय मिळालेला आहे. सुदान आणि इरिट्रियाच्या लोकांच्या बाबतीत तर हे प्रमाण फारच मोठं आहे. म्हणजे ज्याला आपण काल घुसखोर म्हटलं, तो उद्या ब्रिटिश सरकारच्याच कागदावर निर्वासित ठरतो. मग कालचा शब्द परत कसा घेणार?

शब्दांवरून इथे काय काय झालं ते आठवतं. ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन संसदेत 'आक्रमण' म्हणाल्या. त्याच्या आदल्याच दिवशी डोव्हरच्या स्वागत केंद्रावर एकाने पेट्रोल बॉम्ब फेकले होते. मार्च २०२३ मध्ये फुटबॉलचे निवेदक गॅरी लिनेकर यांनी सरकारच्या भाषेची तुलना १९३० च्या दशकातल्या जर्मनीशी केली, बीबीसीने त्यांना बाजूला केलं, सहकारी त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्या शनिवारी निवेदकच नसलेला कार्यक्रम दाखवावा लागला.

ब्रेव्हरमन मूळच्या गोव्याच्या ना? मग त्या अशा कशा बोलतात?

वडील केनियातून आलेले गोमंतकीय, आई मॉरिशसची तमिळ. त्यांच्या आधीच्या गृहमंत्री प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडातले गुजराती. सुनक यांचे आईवडील पूर्व आफ्रिकेतले पंजाबी. तिघांनीही बोटींविरुद्ध कडक धोरण चालवलं. पालक बाहेरून आले म्हणून मुलांनी अमुकच मत ठेवावं असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा हक्क.

पण इतिहास ठाऊक असावा. १९६८ मध्ये हीच चर्चा केनियातल्या भारतीयांबद्दल चालू होती. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते, तरी ते येऊ नयेत म्हणून संसदेने तीन दिवसांत कायदा करून टाकला. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या कौन्सिलने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: आमच्याकडे येऊ नका, घरं, शाळा, दवाखाने भरलेत. तरीही २७-२८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले. आज त्याच लेस्टरच्या दिवाळीचं सगळीकडे कौतुक होतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, म्हणजे आपली माणसं इथे त्याच्याही आधीपासून आहेत. 'आता पुरे झाले' हे वाक्य आपल्याबद्दलही बोललं गेलेलं आहे.

फ्रान्स काही युद्धात नाही. मग तिथेच का थांबत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. पहिलं उत्तर: बहुतेक जण थांबतातच. २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं फ्रान्सकडे आणि जर्मनीकडे ब्रिटनपेक्षा जास्त अर्ज गेले. खाडीकडे येतात ते उरलेले. कोणाचा भाऊ बर्मिंगहॅममध्ये असतो, कोणाला इंग्रजीखेरीज युरोपातली दुसरी भाषा येत नाही, कोणाचा अर्ज दुसरीकडे फेटाळलेला असतो. शिवाय पहिल्या सुरक्षित देशातच थांबलं पाहिजे असं १९५१ च्या निर्वासित करारात कुठे लिहिलेलं नाही. युरोपीय संघात असताना काही जणांना आधीच्या देशात परत पाठवायची सोय होती. ब्रेक्झिटनंतर तीही गेली.

व्हिसा काढून सरळ विमानाने का येत नाहीत?

आश्रय मागण्यासाठी व्हिसाच नाही. अर्ज करायला ब्रिटनच्या जमिनीवर पाय असावा लागतो, आणि त्या जमिनीवर पाय ठेवायला व्हिसा लागतो. युक्रेन आणि हाँगकाँगच्या लोकांसाठी वेगळ्या योजना निघाल्या, आणि ते लोक विमानाने आले, रबरी बोटीने नाही. सुदानच्या माणसासाठी तशी योजना नाही. माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

समुद्रातच अडवून परत का लोटत नाहीत? ऑस्ट्रेलियाने केलं ना?

ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या मध्ये अफाट खुला समुद्र आहे. डोव्हरला दोन देशांचं पाणी एकमेकांना चिकटलेलं आहे, मध्ये खुला समुद्र उरतच नाही. फ्रान्सच्या संमतीशिवाय बोट तिकडे लोटता येत नाही. आणि बुडणाऱ्याला वाचवणं हे समुद्राच्या कायद्याने बंधनकारक आहे, तो कोण आहे हे विचारायच्या आधी.

ते वाचवण्याचं काम सरकारी यंत्रणेबरोबर आरएनएलआय ही संस्था करते. १८२४ पासून, देणग्यांवर. बोटीवर जाणारे बहुतेक स्वयंसेवक: प्लंबर, शिक्षक, दुकानदार. पेजर वाजला की जेवणाच्या ताटावरून उठायचं. २०२१ मध्ये स्थलांतराचे कडवे विरोधक, राजकारणी नायजेल फराज यांनी या लोकांना 'टॅक्सी सेवा' म्हणून हिणवलं. त्या आठवड्यात संस्थेकडे देणग्यांचा ओघ लागला. आम्हीही तेव्हापासून दर महिन्याला देतो.

रवांडाचं पुढे काय झालं?

बोटीने आलेल्यांना आफ्रिकेतल्या रवांडा देशात पाठवून द्यायची योजना एप्रिल २०२२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बॉरिस जॉन्सन यांनी जाहीर केली. जूनमध्ये पहिलं विमान ऐन उड्डाणाच्या वेळी कोर्टाच्या आदेशाने थांबलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने योजना बेकायदेशीर ठरवली. सरकारने 'रवांडा सुरक्षित आहे' असा कायदाच केला. जुलै २०२४ मध्ये कीर स्टार्मर आले आणि त्यांनी ती गुंडाळली. नव्या सरकारच्या हिशेबाने ७० कोटी पौंड खर्च झाले, आणि चार माणसं गेली, तीही स्वखुशीने.

आणि 'एक आत, एक बाहेर'?

जुलै २०२५ मध्ये ब्रिटन-फ्रान्समध्ये ठरलं: बोटीने आलेला एक फ्रान्सने परत घ्यायचा, त्या बदल्यात फ्रान्समधला एक आश्रयार्थी ब्रिटनने कायदेशीरपणे आणायचा. १८ सप्टेंबरला पहिला माणूस परत गेला, आणि तो भारतीय होता. महिनाभरातच, परत पाठवलेला एक इराणी माणूस पुन्हा बोटीने आला. योजनेची कल्पना मला आवडते, कारण तिच्यात निदान एक कायदेशीर वाट आहे. पण ४१ हजारांपुढे ती फार लहान आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी आश्रय तात्पुरता करायचं जाहीर केलं: दर अडीच वर्षांनी फेरतपासणी, कायमच्या वास्तव्यासाठी वीस वर्षं.

बोटीतून भारतीयही येतात?

येतात. २०२२ मध्ये ६८३, २०२३ मध्ये ११९२. सर्बियात भारतीयांना व्हिसा लागत नसे, तिथून पुढे 'डंकी', म्हणजे चोरट्या मार्गाने फ्रान्स. सर्बियाने १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत बंद केली आणि २०२३ नंतर आकडाही उतरला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाला निघालेलं ३०३ प्रवाशांचं विमान फ्रान्समध्ये अडवलं होतं, आठवतं? त्यांतले २७६ जण २६ डिसेंबरच्या पहाटे मुंबईला उतरले, तोंडं झाकून. ती वाट अमेरिकेची होती, पण एजंट तसेच आणि कर्जही तसंच.

बोटीने आलेले लोक गुन्हे करतात का?

काहींनी केले आहेत, गंभीर केले आहेत, आणि त्यांना शिक्षा झाली आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात एपिंग गावात हॉटेलसमोर आंदोलनं झाली ती अशाच एका प्रकरणानंतर. पण जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, तेव्हा खुनी बोटीने आल्याची अफवा काही तासांत पसरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. तोवर दंगे पेटले होते. रॉदरहॅमजवळ आत माणसं असताना आश्रयार्थींच्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला.

आपल्यासारख्या व्हिसावर आलेल्यांना याचा काय त्रास?

त्या दंग्यांच्या दिवसांत, ऑगस्ट २०२४ मध्ये, बस थांब्यावर एकाने मला विचारलं, "कुठल्या बोटीने आलीस?" माझ्या पर्समध्ये ब्रिटिश पासपोर्ट होता. त्याने तो थोडाच मागितला. मंडळात कोणी "आपण कायद्याने आलो, आपण वेगळे" म्हणालं की मला तो बस थांबा आठवतो.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये काय घडलं होतं?

२४ नोव्हेंबरच्या पहाटे एक बोट दोन्ही देशांच्या पाण्याच्या सीमेजवळ फुटली. बहुतेक जण इराकी कुर्द. काळोखात ते फोन करत होते, दोन्हीकडच्या बचाव केंद्रांना. फ्रेंच बाजूने त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही इंग्लंडच्या पाण्यात आहात, तिकडे फोन करा. वेळेवर कोणीच पोहोचलं नाही. दुपारी एका मच्छीमार बोटीला मृतदेह दिसले. २७ जण सापडले, ४ सापडलेच नाहीत, दोघे वाचले.

आमच्या ओळखीतल्या मुलाला एजंट फ्रान्समार्गे 'गॅरंटीने' पाठवतो म्हणतोय. काय करू?

त्याला थांबवा. भारत आता ब्रिटनच्या 'सुरक्षित देशां'च्या यादीत आहे, त्यामुळे भारतीयाला आश्रय मिळण्याची आशा जवळजवळ नाही. परवानगीशिवाय येणं हा २०२२ च्या कायद्याने गुन्हा आहे. पैसे कमी असले की टोळी सुकाणू त्याच्याच हातात देते, आणि मग तुरुंगात तोच जातो, एजंट नाही. परदेशात कामाला पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा.

तो आधीच कॅलेला पोहोचला असेल तर त्याला रागावू नका, फोन तोडू नका. पॅरिसमधल्या भारतीय दूतावासाशी बोला. फ्रान्स सरकारतर्फे स्वेच्छेने परत जाण्यासाठी तिकिटाची मदतही मिळते. आणि तरीही तो बोटीत बसलाच, तर त्याच्याकडे हे नंबर असू द्या: फ्रान्सच्या बाजूला समुद्रात संकटासाठी १९६, इंग्लंडच्या बाजूला ९९९ वर कोस्टगार्ड, आणि दोन्हीकडे ११२. फोन पूर्ण चार्ज केलेला, लोकेशन चालू, आणि पिशवीची गाठ ओल्या बोटांनी सुटेल अशी.